ॲल्युमिनियमचा सांधा : आच किती आणि वेग किती?



आपल्या खेड्यापाड्यांतून ॲल्युमिनियमच्या भांड्याला ‘जर्मन’चे किंवा ‘जर्मल’चे भांडे म्हणतात. पूर्वी ह्या धातूची ओळख पातेले, तवली आणि पाण्याचा तांब्या एवढ्यापुरतीच असे. आता तसे राहिलेले नाही. दूध-डेअरीचा कॅन ॲल्युमिनियमचा, तुषार सिंचनाच्या काही नळ्या ॲल्युमिनियमच्या, घर रंगवायची शिडी ॲल्युमिनियमची आणि खिडकीची चौकटही त्याचीच. वस्तू आली की ती कधी ना कधी मोडणारच, आणि मोडली की आपण ती जवळच्या वेल्डिंगवाल्याकडे नेणार.

तिथे एक गोष्ट आपल्या लक्षात आली असेल. नांगराचा फाळ किंवा लोखंडी खाटेचा पाय नेला, तर वेल्डर दोन मिनिटांत डाग मारून देतो. ‘जर्मन’ची वस्तू पुढे केली, की तो मान हलवतो. असे का? आणि ज्याला हे काम येते त्याने जोडून दिल्यावर, वस्तूला पहिली ताकद परत मिळते का? आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

लालबागमधली एक हकिकत सांगतो, म्हणजे विषय सोपा होईल.

गणपतीच्या आधीचे दिवस होते. त्या दिवसांत लालबाग-परळच्या चाळींतून रंगकामाची घाई असते. एका रंगाऱ्याच्या शिडीचा उभा दांडा मधोमध मोडला. नवी शिडी घ्यायला सवड नाही आणि पैसाही नाही, म्हणून तो शिडी घेऊन एका गाळ्यात गेला. मिस्तरींनी दांडा जोडून दिला. डाग चांगला बोटभर जाड दिसत होता. रंगारी खूष झाला. दहा-बारा दिवसांनी तोच दांडा पुन्हा मोडला. गडी तिसऱ्या पायरीवर होता म्हणून पाय मुरगळण्यावर निभावले. तिसऱ्या मजल्याच्या सज्जाशी असता, तर काय झाले असते ते सांगायला नको.

रंगारी तावातावाने परत आला. म्हणाला, “मिस्तरी, तुमचा डाग कच्चा निघाला.”

मिस्तरींनी शिडी उजेडात धरून पाहिली. डाग जसाच्या तसा शाबूत होता. मोडला होता तो दांडा, डागाच्या शेजारी एक बोट अंतरावर. ते म्हणाले, “डाग कच्चा नाही रे बाबा, डागाचा शेजार कच्चा झालाय.”

मित्रहो, ह्या एका वाक्यात ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगचे निम्मे शास्त्र आले. ते आता उलगडून पाहू.

परळ-लालबाग हा भाग धातूच्या कामाला नवा नाही. परळचा रेल्वे कारखाना १८७९ साली सुरू झाला, माटुंग्याचा १९१५ साली. आसपास कापडाच्या गिरण्या होत्या, आणि प्रत्येक गिरणीत फिटर, टर्नर, वेल्डर असत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, तेव्हा त्या हातांपैकी काहींनी लहान लहान गाळ्यांतून काम धरले. तिकडे गिरगावच्या अंगाला, सी. पी. टँकजवळ गुलालवाडी आणि कीका स्ट्रीट इथे धातूंचा बाजार आहे. तिथे ॲल्युमिनियमचा पत्रा आणि नळी नावानिशी मिळते. हे ‘नावानिशी’ फार महत्त्वाचे. का, ते पुढे येईलच.

प्रथम हा धातू लोखंडाहून वेगळा कसा, ते पाहू.

लोखंड सुमारे १५३८ अंश सेल्सिअसला वितळते, ॲल्युमिनियम ६६० अंशांना. म्हणजे ॲल्युमिनियम जोडणे सोपे, असे वाटेल. प्रत्यक्षात चार अडचणी आड येतात.

पहिली अडचण सालीची. ॲल्युमिनियम हवेत उघडे पडले रे पडले, की त्याच्यावर एक अतिशय पातळ साय धरते. ही ॲल्युमिनियम आणि प्राणवायू ह्यांची साय. तिच्यामुळेच भांडे गंजत नाही, म्हणून ती एरवी आपली मित्र. पण ती वितळते दोन हजार अंशांच्याही वर. आतला धातू ६६० अंशांना पाणी झाला, तरी वरची साय तशीच! दुधावरच्या सायीखाली दूध उकळत राहावे, तसा प्रकार होतो. दोन्ही बाजूंचा रस एकमेकांत मिसळतच नाही, कारण मध्ये साय आडवी येते.

दुसरी अडचण उष्णता पसरण्याची. साध्या पोलादापेक्षा ॲल्युमिनियम उष्णता कित्येक पटींनी लवकर वाहून नेते. आच एका ठिकाणी द्यावी, तर ती हां हां म्हणता सगळ्या पत्र्यात पसरते. म्हणून सुरुवातीला रस होता होत नाही, आणि पुढे पत्रा तापला की एकदम भोक पडते.

तिसरी अडचण रंगाची. लोखंड तापले की लाल होते, मग नारिंगी, मग पिवळे. लोहाराचा मुलगासुद्धा रंग पाहून आच ओळखतो. ॲल्युमिनियम वितळेपर्यंत तसेच पांढरे राहते. ते काही सांगत नाही, एकदम खाली गळते. जुने गॅस-वेल्डर ह्यावर एक युक्ती करीत. पत्र्यावर साबणाची रेघ ओढीत. रेघ काळपट झाली, की धातू पुरता तापला असे समजत.

चौथी अडचण प्रसरणाची. तेवढ्याच तापमानाला ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि निवताना तेवढेच आवळते. म्हणून सांधा वाकडा होतो, आणि रस थिजता थिजता त्यात भेग पडू शकते.

आता यंत्राकडे वळू. ह्या कामासाठी आज गाळ्यांतून जे यंत्र दिसते, त्याला ‘टिग’ किंवा बोलीत ‘आर्गॉन वेल्डिंग’ म्हणतात. हातातल्या टॉर्चच्या टोकाला टंगस्टनची बारीक कांडी असते. ती आणि पत्रा ह्यांमध्ये विजेची ज्योत पेटते. भोवतीने आर्गॉन वायूची झुळूक वाहत असते. हा वायू कशाशी संयोग पावत नाही, म्हणून तो रसाला हवेपासून झाकून ठेवतो. दुसऱ्या हातात भरणीची सळई असते. ही पद्धत १९४० नंतरच्या काळात अमेरिकेत विमानाच्या कामासाठी पुढे आली. त्याच्या आधी गॅसच्या ज्योतीने आणि फ्लक्स नावाच्या क्षाराने हे काम चाले. त्या क्षाराचा अंश सांध्यात राहिला, तर तो ॲल्युमिनियम खाऊन टाकी. म्हणून काम झाल्यावर सांधा गरम पाण्याने घासघासून धुवावा लागे.

यंत्रावर दोन-चार घुंड्या असतात. सांध्याचे बरेवाईट ह्या घुंड्या आणि कारागिराचा हात ह्या दोघांवर ठरते. एकेक घेऊ.

पहिली घुंडी विजेच्या जातीची. लोखंडाला एका दिशेने वाहणारी वीज चालते. ॲल्युमिनियमला आलटून-पालटून वाहणारी, म्हणजे ए. सी. वीज लागते. ह्यात मोठी गंमत आहे. वीज एका दिशेने असते तेव्हा पत्र्यावरची साय फुटून उडते. उलट दिशेने असते तेव्हा उष्णता पत्र्यात खोल जाते. एक फेरा साफसफाईचा, दुसरा फेरा शिजवण्याचा. आपल्या घरच्या विजेप्रमाणे हे सेकंदाला पन्नास वेळा घडते. नव्या यंत्रांत ह्या दोन फेऱ्यांचा वाटा कमीजास्त करता येतो. साधारणपणे सत्तर टक्के वाटा खोल जाण्याला आणि तीस टक्के साफसफाईला ठेवतात. सफाईचा वाटा फार वाढवला, तर टंगस्टनचे टोकच वितळून गोळा होते आणि सांधा उथळ राहतो. फार कमी केला, तर रसावर काळसर मळ तरंगतो.

पण ऐका, यंत्र साफसफाई करते म्हणून आपण हात झटकायचे नाहीत. आधी तेल-चिकटा पुसून काढावा, मग स्टेनलेस स्टीलच्या तारेच्या ब्रशने सांध्याची जागा घासावी. तो ब्रश ॲल्युमिनियमसाठी वेगळाच ठेवावा. लोखंडावर घासलेला ब्रश इथे आणला, तर लोखंडाचे कण आत जातात. क्रमही असाच ठेवावा. आधी ब्रश मारला तर तेल पत्र्यात चोळले जाते.

दुसरी बाब आर्गॉनची. तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला मिनिटाला आठ ते दहा लिटर वायू पुरतो. वायू कमी पडला, तर हवा आत शिरते. म्हणून घुंडी पूर्ण उघडावी का? नाही. झोत फार जोराचा झाला, तर त्यात भोवरे उठतात आणि तेच बाहेरची हवा आत ओढतात. उकाडा होतो म्हणून डोक्यावर पंखा लावून काम केले, तरी तेच फळ.

हवेत असतो दमटपणा, आणि मुंबईच्या पावसाळ्यात तर तो भिंतींनाही फुटतो. पाण्याच्या वाफेतला हायड्रोजन ज्योतीत सुटा होतो आणि ॲल्युमिनियमच्या रसात विरघळतो. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये जेवढा हायड्रोजन मावतो, त्याच्या सुमारे विसाव्या हिश्श्याएवढाच थिजलेल्या धातूत मावतो. उरलेला जाणार कुठे? जेवढा बाहेर पडतो तेवढा पडतो, बाकीचा बुडबुडे होऊन आतच अडकतो. इडली कापल्यावर जाळी दिसते ना, तसा सांधा आतून जाळीदार होतो. चार-दोन विखुरलेली छिद्रे फारसे बिघडवीत नाहीत. पण तीच एका ओळीत आली किंवा एका जागी गोळा झाली, तर सांध्याचा घास घेतात. म्हणून भरणीच्या सळया माळ्यावर उघड्या टाकू नयेत, कोरड्या डब्यात ठेवाव्यात. दमट पत्रा आधी कोमट करून घ्यावा. कोमटच, भाजून काढायचा नाही.

तिसरी गोष्ट भरणीच्या सळईची. शिडीसारख्या वस्तूंत ॲल्युमिनियम एकटे नसते. त्यात थोडे मॅग्नेशियम आणि थोडे सिलिकॉन घातलेले असते. अशा मिश्रधातूचे दोन तुकडे भरणीवाचून नुसते वितळवून जोडले, तर थिजताना हमखास भेग पडते. त्यात सुमारे पाच टक्के सिलिकॉनची सळई घातली, तर रस चांगला वाहतो आणि भेग टळते. पाच टक्के मॅग्नेशियमची सळई घातली, तर भरणी अधिक बळकट होते. कोणती कुठे वापरायची हे मूळ पत्र्याच्या जातीवर ठरते. म्हणून मघाशी म्हटले की धातू नावानिशी घ्यावा. भंगारातला तुकडा उचलून जोडला, तर त्याचे कूळ कळत नाही, आणि कूळ कळल्यावाचून ही सोयरीक जमत नाही.

आता येते मुख्य गोष्ट : करंट आणि हाताचा वेग.

तीन मिलिमीटर पत्र्याच्या साध्या सांध्याला साधारण ११० ते १४० अँपिअर करंट लागतो. करंट फारच कमी ठेवला, तर भरणीचा धातू वर बसतो, पण खालचा पत्रा वितळत नाही. परातीत कणकेचा गोळा ठेवावा तसा डाग नुसता बसलेला असतो, रुजलेला नसतो. वरून गोंडस दिसतो आणि हिसका बसला की निघून येतो. करंट फार वाढवला, तर रस खाली लोंबतो, कडा खचतात आणि पत्रा पातळ होतो.

इथवर कोणालाही पटेल. पुढची गोष्ट मात्र उलटी वाटणारी आहे. नवशिका मुलगा काय करतो? भोक पडेल ह्या भीतीने करंट कमी ठेवतो आणि हळूहळू हात चालवतो. त्याला वाटते, आपण कमी आच दिली. हिशेब मांडून पाहू. फळ्यावर लिहिण्याजोगा आहे, म्हणून शिक्षक मंडळींनी टिपून घ्यावा.

व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे सेकंदाला मिळणारी उष्णता. तिला हाताच्या वेगाने भागले, की सांध्याच्या प्रत्येक मिलिमीटरला किती उष्णता मिळाली ते निघते. समजा, सरावाच्या कारागिराने १५ व्होल्ट आणि १५० अँपिअर ठेवले, आणि हात सेकंदाला ५ मिलिमीटर चालवला. पंधरा गुणिले दीडशे झाले २२५०. भागिले पाच म्हणजे ४५०. मिलिमीटरला ४५० ज्यूल. आता नवशिक्याने १३ व्होल्ट आणि ८० अँपिअर ठेवले. तेरा गुणिले ऐंशी झाले १०४०. पण रस होण्याची वाट पाहत त्याचा हात मिनिटाला जेमतेम ८० मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला सव्वा मिलिमीटरच्या जरा वर, सरकला. भागाकार येतो सुमारे ७८०. करंट निम्म्याच्या आसपास, पण पत्र्याच्या वाट्याला आलेली आच जवळजवळ पावणेदोन पट! ज्योतीची सगळी उष्णता काही पत्र्यात जात नाही. पण दोघांची तुलना करायला हा हिशेब पुरेसा आहे.

भाकरी करणाऱ्या बाईला हे वेगळे सांगायला नको. मंद तव्यावर भाकरी फार वेळ ठेवली, तर ती भाजत नाही, वाळते. तवा चांगला तापलेला हवा आणि हात चपळ हवा. ॲल्युमिनियमचेही तसेच आहे.

आता कोणी विचारील, “थोडी जास्त आच लागली तर बिघडले काय? डाग तर पक्का बसला ना?” इथेच त्या रंगाऱ्याच्या शिडीचे उत्तर आहे.

ॲल्युमिनियम मुळात मऊ असते. त्याला कठीण करण्याचे दोन मार्ग आहेत. एक मार्ग म्हणजे थंड असताना ठोकून, दाबून किंवा लाटून कठीण करणे. तांबट भांड्याला मठारतो, तसेच हे. दुसरा मार्ग भट्टीचा. तो समजायला आपल्या लोहाराकडे जाऊ.

लोहार विळ्याला पाणी देतो, म्हणजे लाल पाते पाण्यात बुडवतो. पोलाद तत्क्षणी कठीण होते. आल्फ्रेड विल्म नावाच्या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०६ च्या सुमारास, ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे आणि मॅग्नेशियम मिसळून त्यालाही असेच पाणी देऊन पाहिले. धातू मऊच राहिला. पण काही दिवसांनी पुन्हा तपासला, तर तो आपोआप कठीण झाला होता! पाणी दिल्यावर लगेच नव्हे, मुरल्यावर. लोणच्यासारखेच म्हणा. धातूत विरघळलेले ते मिश्रण अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने जागोजाग वेगळे होते, आणि हे कण धातूचे थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत. गंमत अशी की हा शोध लागला जर्मनीतच. पुढे विमाने झाली ती अशा धातूची. आजच्या शिड्या, खिडक्या आणि पुणे मेट्रोच्या ॲल्युमिनियमच्या डब्यांसारखी कामे ह्याच मुरवलेल्या कुळातल्या धातूंवर बरीचशी अवलंबून असतात. त्यात भट्टीत सुमारे पावणेदोनशे अंशांवर काही तास ठेवून धातू मुरवतात.

आता अशा मुरवलेल्या दांड्याला वेल्डिंगची आच लागली, तर? डागाच्या शेजारी धातू वितळत नाही, पण तीन-चारशे अंशांपर्यंत तापतो. ते सूक्ष्म कण एकत्र येऊन मोठे होतात आणि विरळ पडतात. जागोजाग उभे असलेले राखणदार एका कोपऱ्यात गोळा झाले, म्हणजे शेत मोकळे पडणारच. धातू पुन्हा मऊ होतो. हा मऊ पट्टा डोळ्यांना दिसत नाही. नियमाने तो डागाच्या दोन्ही बाजूंना एकेक इंचापर्यंत धरून चालतात.

आकडा ऐका. ६०६१ नावाचा मुरवलेला मिश्रधातू ओढून तोडायला चौरस मिलिमीटरला सुमारे ३१ किलो ओढ लागते. जोडल्यानंतर अभियंते त्याची ताकद १७ किलोच्या आसपासच धरतात. म्हणजे १० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड पट्टी आधी नऊशे किलोंच्या वर ओढ सोसत होती. जोडल्यावर ती पाचशेच्या आसपास हार मानते. कायमची वाकण्याची मर्यादा तर निम्म्याहूनही खाली येते. हा उत्तम कारागिराने केलेल्या सांध्याचा हिशेब आहे. आच जास्त दिली, तर मऊ पट्टा रुंदावतो आणि ताकद आणखी घटते. दोनदा-तीनदा जोडले, तर प्रत्येक वेळी पुन्हा तेच.

त्या मिस्तरींचा डाग खरोखरच चांगला होता. पण दांड्यातली भट्टीची कमाई त्या आचेने खर्च झाली होती. सबंध दांडा पुन्हा सुमारे ५३० अंशांना तापवून, पाण्यात विझवून, मुरवला तर ताकद बरीचशी परत येते. मात्र ते काम कारखान्याच्या भट्टीचे, गाळ्याचे नव्हे. आणि त्यात दांडा वाकडा होतो तो वेगळाच. म्हणून शिडीच्या बाबतीत एकच सल्ला : उभा दांडा मोडला, तर जोडू नका. बदला. दोन-तीन हजार रुपये वाचवताना माणूस गमावू नका.

तर मग ॲल्युमिनियम जोडूच नये काय? तसे मुळीच नाही. दुधाच्या कॅनचे पाहा. वसई-विरारकडून लोकलच्या मालडब्यातून दादरला येणारे कॅन आपण पाहिले असतील. आदळआपट त्यांच्या पाचवीला पुजलेली. भांड्यांचा आणि कॅनचा पत्रा बहुधा भट्टीत न मुरवलेल्या कुळातला असतो. त्यात मॅग्नेशियम किंवा मँगनीज असते, आणि त्याची पुष्कळशी ताकद ह्या मिश्रणातूनच येते. आच लागल्याने ठोकून आलेला कठीणपणा तेवढा जातो, मूळ ताकद राहते. जहाजाच्या कामात वापरतात त्या ५०८३ नावाच्या मिश्रधातूत तर नीट केलेला सांधा मूळ पत्र्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोहोचतो.

कॅनमध्ये काळजी वेगळीच घ्यावी लागते. सांधा आतून गुळगुळीत हवा. खाच किंवा छिद्र राहिले, तर तिथे दूध साचते, धुण्याने निघत नाही, आणि दुसऱ्या दिवशीचे सगळे दूध नासते. कॅन जोडून आणला, की आतून बोट फिरवून पाहा, आणि पाणी भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवून पाहा. फ्लक्स वापरून जोडला असेल, तर गरम पाण्याने घासून धुतल्याशिवाय त्यात दूध ओतू नका.

सांधा संपवण्यातही एक मेख आहे. ज्योत एकदम बंद केली, तर शेवटी खळगा पडतो आणि त्यात चांदणीसारखी भेग फुटते. पुढे सगळा सांधा तिथूनच उकलतो. म्हणून शेवटी करंट हळूहळू उतरवावा आणि भरणीचे दोन थेंब जास्त द्यावेत. शिवणकाम संपताना आपण गाठ मारतो, तशी ही गाठ.

शिक्षक बंधुभगिनींना एक प्रयोग सुचवतो. खिडक्या बनवणाऱ्याकडून ॲल्युमिनियमच्या चौकटीचे एका मापाचे दोन तुकडे आणा. एकावर साबणाची रेघ ओढा आणि लांब चिमट्यात धरून ती जागा गॅसच्या ज्योतीवर फिरवत तापवा. रेघ काळपट झाली, की लगेच बाजूला घ्या. निवू द्या. मग दोन्ही तुकडे शेगड्यात धरून वाकवा. न तापवलेला अडेल, तापवलेला मेणासारखा वाकेल. दिसायला मात्र दोन्ही सारखेच! मुलांना हाच धडा द्यायचा आहे. प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा, डोळ्यांवर चष्मा लावावा, आणि गरम ॲल्युमिनियम लाल होत नाही हे विसरू नये. न निवलेल्या तुकड्याला मूल सहज हात लावते.

वेल्डिंगच्या जागी मात्र मुलांना नेऊ नका. ॲल्युमिनियमवरची ज्योत फार प्रखर असते. उघड्या डोळ्यांनी पाहिली, तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. आर्गॉनला वास नाही, रंग नाही. बंद टाकीत तो साचला, तर माणूस गुदमरतो आणि त्याला कळतही नाही. रॉकेल किंवा पेट्रोलचा रिकामा डबा तर कोणत्याही वेल्डरपुढे ठेवू नका. रिकामा दिसतो, पण आतली वाफ स्फोट करते.

जगात ह्या अडचणीवर आणखीही उपाय निघाले आहेत. १९९१ साली इंग्लंडमधल्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये एक पद्धत निघाली. तीत धातू वितळवीतच नाहीत. एक फिरती खुंटी सांध्यात दाबून चालवतात. घर्षणाने धातू लोण्यासारखा मऊ होतो आणि दोन्ही बाजू घुसळून एक होतात. आच कमी, म्हणून शेजारही कमी बिघडतो. जपानी आगगाड्यांचे डबे असे जोडलेले आहेत. पण ते यंत्र मोठे. आपल्या तालुक्याच्या गावी आज उपयोग आहे तो टॉर्च आणि सळई ह्यांचाच.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी ‘जर्मन’ची वस्तू घेऊन गेलात, तर तीन प्रश्न जरूर विचारा. हा धातू कोणत्या जातीचा? सळई कोणती घालणार? आणि ह्या जागेवर माणसाचा भार येणार आहे, तरी जोडायचे का? तिसऱ्या प्रश्नाला जो कारागीर “नको, बदलून टाका” असे म्हणेल, त्याच्याकडे बाकीची सगळी कामे खुशाल द्या. आपली मजुरी बुडवून त्याने खरे सांगितले, हे लक्षात ठेवा.

लालबागच्या त्या मिस्तरींनी नंतर एक केले. गाळ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवले : ‘शिडी जोडून मिळणार नाही.’ येणारी-जाणारी माणसे हसतात. तो रंगारी मात्र हसत नाही. त्याने नवी शिडी घेतली. जुनी त्याने कापली, मोडका भाग टाकून दिला, आणि उरलेल्या अखंड दांड्यांवर चाळीतल्या बायांनी आता कपडे वाळत घातले आहेत.